बेसबॉल हॉल ऑफ फेम, कूपरस्टाउन : संग्रहालय पाहण्याजोगे, पण बॉबी मॅथ्यूजचा फलक अजून लागायचा आहे

न्यूयॉर्क राज्याच्या अंतर्भागात, ऑट्सेगो सरोवराच्या दक्षिण टोकाला कूपरस्टाउन नावाचे दोन हजारांहून कमी वस्तीचे गाव आहे. या गावाच्या मेन स्ट्रीटवर १२ जून १९३९ रोजी नॅशनल बेसबॉल हॉल ऑफ फेम अँड म्युझियम सुरू झाले. अमेरिकेत राहणारी मराठी मंडळी नायगारा आणि वॉशिंग्टन हमखास पाहतात, पण कूपरस्टाउनला जाणारे त्या मानाने थोडेच, कारण बेसबॉल हा आपला खेळ नव्हे अशी आपली समजूत असते. क्रिकेट मन लावून पाहणाऱ्या कोणालाही हे संग्रहालय आवडेल, असे माझे मत आहे. मात्र या परीक्षणात मला एका प्रश्नाकडे अधिक लक्ष द्यायचे आहे. खेळाच्या इतिहासाचा अधिकृत दरबार म्हणवून घेणाऱ्या या संस्थेने खेळाच्या पहिल्या पिढीतील पिचरांना, म्हणजे बॅटरकडे चेंडू टाकणाऱ्यांना, न्याय दिला आहे का? आणि विशेषतः, व्यावसायिक लीगच्या पहिल्या सामन्यात पहिला चेंडू टाकणारा बॉबी मॅथ्यूज, निवडलेल्या खेळाडूंच्या सन्मानार्थ लावलेल्या इथल्या फलकांमध्ये असायला हवा का? माझे उत्तर असे की, तो असायला हवा, आणि त्याचा दावा मान्य करण्यासाठी संस्थेला नवे निकष तयार करण्याचीही गरज नाही.

आधी जाण्यायेण्याची आणि इमारतीची माहिती देतो. कूपरस्टाउनला रेल्वे जात नाही. न्यू जर्सीतील एडिसनकडून स्वतःच्या गाडीने साधारण चार तास लागतात, आल्बनीपासून दीड तास पुरतो. जुलैच्या अखेरीस नव्या सदस्यांचा सन्मान सोहळा असतो तेव्हा गावात पाऊल ठेवायला जागा नसते, त्यामुळे शांतपणे पाहायचे असेल तर तो आठवडा टाळावा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, झाडांची पाने रंगू लागल्यावर जावे. मोठ्यांचे तिकीट तीस डॉलरच्या आसपास आहे. या किमतीत पूर्ण दिवस सहज जातो, कारण तीन मजल्यांवर दालने आहेत आणि नीट वाचत गेल्यास एकट्या दुसऱ्या मजल्यालाच दोन-अडीच तास लागतात. ज्यांना बेसबॉलचा गंध नाही त्यांनी आधी ग्रँडस्टँड थिएटरमधली छोटी चित्रफीत पाहावी, म्हणजे पुढची नावे परकी वाटत नाहीत. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी फलकांच्या दालनात सुरुवातीलाच फार वेळ घालवू नये. मुलांना वस्तू हव्या असतात, आणि वस्तू वरच्या मजल्यांवर आहेत.

तळमजल्यावरचे फलकांचे दालन हा या संस्थेचा गाभा. उंच छताच्या लांब दालनात, ओक लाकडाच्या भिंतींवर कांस्याचे फलक निवडीच्या वर्षांनुसार लावलेले आहेत, आणि प्रत्येक फलकावर त्या व्यक्तीचा चेहरा, नाव, टोपणनाव, संघ आणि कर्तृत्वाच्या चार-सहा ओळी एवढाच ऐवज असतो. १९३६ मध्ये निवडले गेलेले पहिले पाच जण, म्हणजे टाय कॉब, वॉल्टर जॉन्सन, क्रिस्टी मॅथ्यूसन, बेब रूथ आणि होनस वॅग्नर, यांना मानाची जागा आहे. एकूण फलक साडेतीनशेच्या आसपास आहेत, आणि दीडशे वर्षांत हा खेळ व्यावसायिक पातळीवर खेळलेल्या हजारो खेळाडूंमधून एवढेच निवडले गेले आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे त्या भिंतीवरच्या जागेचे मोल कळते. दालनाची मांडणी साधी, प्रकाश मवाळ आणि वातावरण आदबीचे आहे. लोक आपोआप हळू आवाजात बोलतात, वडील आपल्या मुलांना आपापल्या काळातले खेळाडू दाखवतात, आणि एखाद्या फलकासमोर बराच वेळ उभे राहिले तरी कोणी पुढे सरकायला सांगत नाही.

संस्थेच्या प्रामाणिकपणाविषयी एक गोष्ट आवर्जून नोंदवायला हवी. हे संग्रहालय कूपरस्टाउनमध्ये असण्याचे कारणच मुळात एका चुकीच्या समजुतीत आहे. १९०५ ते १९०७ या काळात काम केलेल्या मिल्स आयोगाने, ॲब्नर ग्रेव्ह्ज नावाच्या एका वृद्ध गृहस्थाच्या पत्रावर भिस्त ठेवून, ॲब्नर डबलडे याने १८३९ मध्ये कूपरस्टाउन येथे बेसबॉलचा शोध लावला असा निष्कर्ष काढला. प्रत्यक्षात डबलडे त्या वर्षी वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होता. पुढे १९३० च्या दशकात शेजारच्या फ्लाय क्रीक गावातील एका जुन्या पेटीत सापडलेला फाटका चेंडू स्टीफन क्लार्क यांनी पाच डॉलरला विकत घेतला आणि त्यातून संग्रहालयाची कल्पना वाढत गेली. आज हे संग्रहालय ती कथा दंतकथा म्हणूनच सांगते, तो चेंडूही जपून ठेवते, आणि खेळाचा खरा उगम इंग्लंडमधील जुन्या चेंडूफळीच्या खेळांत आणि न्यूयॉर्क शहराच्या क्लबांमध्ये असल्याचे स्पष्ट करते. आपल्या स्थापनेच्या आधाराबद्दल इतक्या मोकळेपणाने बोलणारी संस्था फलकांच्या निवडीतील चूकही सुधारू शकेल, अशी आशा वाटण्याचे हे एक कारण आहे.

दुसऱ्या मजल्यावर खेळाचा इतिहास कालक्रमाने मांडलेला आहे आणि एकोणिसाव्या शतकासाठी वेगळा विभाग आहे. क्रिकेट जाणणाऱ्याने इथे घाई करू नये, कारण आजचा बेसबॉल पाहताना जे नाते लक्षात येत नाही ते या विभागात उघड दिसते. सुरुवातीच्या काळात जिंकणाऱ्या क्लबला सामन्याचा चेंडू बक्षीस म्हणून मिळत असे. त्या चेंडूवर रंग चढवून प्रतिस्पर्ध्याचे नाव, तारीख आणि धावसंख्या सुबक अक्षरांत लिहिली जाई. असा चेंडू काचेपलीकडे पाहताना त्याची शिवण आजच्यासारखी घोड्याच्या नालाच्या आकाराची नसून, लिंबाची साल चार फाकांत सोलावी तशी चार दिशांनी मध्यावर येणारी दिसते, आणि त्याचे चामडे इतके मऊ पडलेले असते की तो आजच्या चेंडूइतका दूर जाणे शक्य नव्हते हे नुसत्या नजरेनेही पटते. फिल्डर तो उघड्या हातांनी अडवत. पिचर ४५ फुटांवरून, म्हणजे क्रिकेटच्या २२ यार्डांच्या दोन तृतीयांश अंतरावरून, हात कमरेखाली ठेवून चेंडू टाकत असे. बॅटर आपल्याला वरचा चेंडू हवा की खालचा हे सांगू शकत असे, आणि ही मुभा १८८६ च्या हंगामापर्यंत टिकली. अंतर १८८१ मध्ये ५० फूट झाले, आणि आजचे ६० फूट ६ इंच हे अंतर १८९३ मध्ये आले. हात खांद्यावरून फिरवण्याची परवानगी त्या काळच्या दोन व्यावसायिक लीगांपैकी नॅशनल लीगने १८८४ मध्ये आणि अमेरिकन असोसिएशनने १८८५ मध्ये दिली. हे सारे नियम ध्यानात ठेवल्याशिवाय त्या काळातील कोणत्याही पिचरचे मूल्यमापन करता येत नाही, आणि वाचकांनीही पुढील युक्तिवाद वाचताना ते ध्यानात ठेवावेत.

आता फलकांकडे परत वळू. १९३९ मध्ये निवडल्या गेलेल्या कँडी कमिंग्जचा फलक या सगळ्या प्रश्नाची किल्ली आहे. त्यावर कोरले आहे की, त्याने बेसबॉलच्या इतिहासातील पहिला वळणारा चेंडू टाकला, १८६७ मध्ये ब्रुकलिन स्टार्स या हौशी संघाकडून खेळताना तो शोधून काढला, आणि १८७६ मध्ये, नॅशनल लीगच्या पहिल्याच वर्षी, हार्टफर्डचा पिचर म्हणून आपली दीर्घ कारकीर्द संपवली. (त्यानंतर १८७७ मध्ये तो सिनसिनाटीकडून खेळला होता, हे फलकावर नाही.) कमिंग्जने मुलपणी समुद्रकिनाऱ्यावर शिंपले फेकताना त्यांना वळण मिळते हे पाहिले आणि चेंडूलाही तसेच वळवता येईल का याचा ध्यास घेतला, असे तो स्वतः सांगत असे. पहिला वळणारा चेंडू त्याचाच होता की आणखी कोणाचा, यावर वाद आहेत. तो वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट आकड्यांतून निर्विवाद दिसते. बेसबॉलमध्ये सामन्याचा विजय किंवा पराभव पिचरच्या नावावर नोंदवतात. त्या हिशेबाने कमिंग्जच्या खात्यावर कारकीर्दीत १४५ विजय आहेत, आणि त्यांपैकी १२४ विजय १८७२ ते १८७५ या चार वर्षांत नॅशनल असोसिएशन या पहिल्या व्यावसायिक लीगमध्ये मिळवलेले आहेत. नॅशनल लीगमधील त्याचे विजय फक्त २१ आहेत. म्हणजे नॅशनल असोसिएशन मोजायचीच नाही असे ठरवले, तर या फलकामागे पिचर म्हणून जवळपास काहीही उरत नाही.

बॉबी मॅथ्यूजची गोष्ट याच लीगमध्ये सुरू होते. ४ मे १८७१ रोजी इंडियाना राज्यातील फोर्ट वेन येथे, स्थानिक किकिओंगा संघ आणि क्लीव्हलँडचा फॉरेस्ट सिटी संघ यांच्यात नॅशनल असोसिएशनचा पहिला सामना झाला. बाल्टिमोरमध्ये जन्मलेला, जेमतेम साडेपाच फूट उंचीचा आणि सुमारे ६४ किलो वजनाचा एकोणीस वर्षांचा मॅथ्यूज फोर्ट वेनकडून पिचिंग करत होता. त्याच्यासमोर पहिला बॅटर आला डीकन व्हाइट, आणि व्हाइटने त्याच्या चेंडूवर डबल, म्हणजे दुसऱ्या बेसपर्यंत पोहोचवणारा फटका, मारून व्यावसायिक लीगच्या इतिहासातला पहिला हिट (यशस्वी फटका) नोंदवला. त्यानंतर मात्र मॅथ्यूजने क्लीव्हलँडला एकही धाव करू दिली नाही आणि फोर्ट वेनने सामना २-० ने जिंकला. ज्या काळात एकेक संघ सामन्यात दहा-वीस धावा सहज करत असे, त्या काळात हा निकाल विलक्षण होता. व्हाइट २०१३ मध्ये या दालनात आला. तो पुढे बॅटर आणि कॅचर (क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखा) म्हणून दीर्घकाळ उत्तम खेळला, आणि त्याची निवड योग्यच होती. १९३९ च्या जूनमध्ये संग्रहालयाचे उद्घाटन झाले आणि महिनाभराच्या आत, एक्याण्णव वर्षांचा व्हाइट निवर्तला, म्हणजे आपल्या हयातीत त्याला हा मान पाहता आला नाही. पहिला हिट मारणाऱ्याचा फलक उशिरा का होईना लागला, पण तो चेंडू टाकणाऱ्याचा आणि तो सामना जिंकून देणाऱ्याचा लागलेला नाही.

मॅथ्यूजचा दावा केवळ एका सामन्यावर उभा नाही. १८७२ मध्ये तो बाल्टिमोरकडून आणि कमिंग्ज न्यूयॉर्क म्युच्युअल्सकडून खेळत होता, आणि पुढच्या वर्षी दोघांनी जणू जागा बदलल्या. कमिंग्ज बाल्टिमोरला गेला आणि मॅथ्यूज म्युच्युअल्सकडे आला. कमिंग्जचे पाहून मॅथ्यूजने वळणारा चेंडू आत्मसात केला आणि तो टाकणाऱ्या पहिल्या मोजक्या पिचरांमध्ये त्याची गणना होऊ लागली, असे त्या पिढीच्या आठवणींत येते. चेंडू थुंकीने ओला करून टाकण्याची युक्तीही त्याच्या नावावर सांगितली जाते. १८७४ मध्ये म्युच्युअल्सच्या सर्व ६५ सामन्यांत तोच पिचर होता आणि त्याच्या खात्यावर ४२ विजय लागले. आज एखादा पिचर चार दिवस विश्रांती घेऊन पाचव्या दिवशी उतरतो आणि पाच-सहा डाव टाकून परत जातो. एकाच माणसाने आठवड्यामागून आठवडे पूर्ण सामने टाकायचे, पाठीमागे हातमोज्याविना उभे असलेले फिल्डर, आणि समोर आपल्या पसंतीचा चेंडू मागणारा बॅटर, हे चित्र डोळ्यांपुढे आणल्यावर त्या ४२ विजयांमागचे श्रम कळतात. नंतर तो सिनसिनाटी, प्रॉव्हिडन्स आणि बोस्टन असे फिरला. १८७९ मध्ये प्रॉव्हिडन्सने नॅशनल लीग जिंकली तेव्हा जॉन माँटगोमरी वॉर्डच्या जोडीला दुसरा पिचर म्हणून त्याने १२ सामने जिंकून दिले. आणि बहुतेकांची कारकीर्द संपते त्या वयात, अमेरिकन असोसिएशनच्या फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सकडून, त्याने १८८३, १८८४ आणि १८८५ या लागोपाठ तीन हंगामांत प्रत्येकी ३० विजय मिळवले. यांपैकी १८८३ मध्ये संघ विजेता ठरला.

सगळी बेरीज केली तर १५ हंगाम, ५७८ सामने, त्यांपैकी ५२५ सुरुवातीपासून शेवटपर्यंत टाकलेले, आणि २९७ विजय. हॉल ऑफ फेममध्ये नसलेल्या आणि निवडीस पात्र असलेल्या पिचरांमध्ये याहून अधिक विजय फक्त रॉजर क्लेमेन्सचे आहेत, आणि तो बाहेर राहण्याची कारणे उत्तेजक द्रव्यांच्या आरोपांशी निगडित आहेत. ३०० विजय मिळवलेला दुसरा प्रत्येक पात्र पिचर आत आहे. मॅथ्यूजला तीन विजय कमी पडले असे म्हणणेही तसे अन्यायाचेच आहे, कारण १८८७ मध्ये तो थांबला तेव्हा ३०० या आकड्याला कोणी उंबरठा मानत नव्हते, आणि आपण कोणत्या रेषेच्या अलीकडे थांबतो आहोत हे त्याला माहीत असण्याचा संबंधच नव्हता.

मग आक्षेप कोणता? पहिला आक्षेप लीगच्या दर्जाचा आहे. मॅथ्यूजच्या २९७ विजयांपैकी १३१ नॅशनल असोसिएशनमधले आहेत, आणि १९६९ मध्ये मेजर लीगच्या, म्हणजे सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलच्या, नोंदींसाठी नेमलेल्या विशेष समितीने, वेळापत्रक अनियमित आणि कारभार विस्कळीत असल्याचे कारण देऊन, या लीगला मेजर लीगचा दर्जा नाकारला. त्यामुळे अधिकृत हिशेबात त्याचे विजय १६६ उरतात. हा आक्षेप मला दोन कारणांनी टिकणारा वाटत नाही. एक तर हॉल ऑफ फेम ही मेजर लीगहून स्वतंत्र संस्था आहे आणि कमिंग्जचा फलक लावताना तिने नॅशनल असोसिएशनची वर्षे नाकारलेली नाहीत. दुसरे असे की, याच १९६९ च्या समितीने कृष्णवर्णीयांच्या नीग्रो लीगांचा विचारही केला नव्हता, आणि ती चूक डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीगने स्वतःच दुरुस्त केली. १९२० ते १९४८ या काळातील सात नीग्रो लीगांना दर्जा मिळाला, २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत मिळवले गेले, आणि जॉश गिब्सन .३७२ सरासरीसह बॅटिंगच्या यादीत सर्वांत वर आला. नीग्रो लीगांचा प्रश्न वर्णद्वेषाचा होता आणि असोसिएशनचा तसा नव्हता, म्हणून या दोहोंना एका पंक्तीत बसवता येणार नाही. पण वेळापत्रकातील अनियमितता हे एखाद्या लीगला कायमचे बाहेर ठेवण्याचे पुरेसे कारण नाही, हे तत्त्व या दुरुस्तीने प्रस्थापित झाले आहे. शिवाय असोसिएशनची पाच वर्षे संपूर्ण वगळली तरी १८७६ पासून मॅथ्यूज दहा हंगाम खेळलेला आहे, म्हणजे निवडीसाठी असलेली किमान दहा हंगामांची अटसुद्धा तो पूर्ण करतो.

मराठी वाचकाला हा मुद्दा आपल्या क्रिकेटमधून सहज समजेल. पालवणकर बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले, पण भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ मध्ये झाला, त्यामुळे कसोटीच्या तक्त्यात बाळूंच्या नावापुढे एकही बळी नाही. म्हणून ते मोठे गोलंदाज नव्हते असे म्हणण्यास कोणीही जाणकार धजणार नाही. बाळूंना जातिभेदाशी झुंजावे लागले, मॅथ्यूजपुढे तसा अडसर नव्हता, आणि या दोन जीवनांची तुलना करण्याचा माझा हेतू नाही. स्पर्धेला अधिकृत मान्यता मिळण्यापूर्वी ज्यांनी ती स्पर्धा घडवली, त्यांचे मोजमाप नंतरच्या मान्यतेच्या फूटपट्टीने करू नये, इतकेच म्हणायचे आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याला सरळ सामोरे गेले पाहिजे. मॅथ्यूजचे २४८ पराभव आहेत. त्याच नॅशनल असोसिएशनमध्ये ॲल्बर्ट स्पाल्डिंगने २०४ सामने जिंकले आणि फक्त ५३ गमावले, तर मॅथ्यूजचा तिथला हिशेब १३१ विजय आणि ११२ पराभव असा आहे. १८७५ मध्ये तो ३८ सामने हरला. आपल्या काळातला सर्वश्रेष्ठ पिचर तो बहुधा कोणत्याही एका हंगामात नव्हता. हे सर्व मान्य करूनही मला वाटते की, स्पाल्डिंगच्या पाठीशी बोस्टनचा त्या काळातला सर्वांत बलाढ्य संघ होता, तर मॅथ्यूजच्या वाट्याला अनेकदा दुबळे संघ आले, आणि त्या काळच्या मैदानावर पाठीमागच्या फिल्डरांवर पिचरचा निकाल आजच्यापेक्षा कितीतरी अधिक अवलंबून असे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याचा खरा पराक्रम बदलत्या नियमांत टिकून राहण्याचा आहे. कमरेखालून, ४५ फुटांवरून टाकायला शिकलेला माणूस ५० फुटांवरून आणि हात उंचावण्याची मुभा असलेल्या काळातही हंगामाला ३० सामने जिंकतो, ही गोष्ट त्याच्या पिढीतील जवळजवळ कोणालाही जमली नाही. स्पाल्डिंगने विशीतच पिचिंग सोडले. टॉमी बाँडने १८७७ ते १८७९ अशी सलग तीन वर्षे चाळीस किंवा अधिक सामने जिंकले, पण त्यानंतर त्याचा हात उतरला. कमिंग्जची व्यावसायिक कारकीर्द सहा वर्षांत आटोपली. मॅथ्यूज मात्र १८७१ मध्ये होता आणि १८८७ मध्येही होता. पिचिंगची कला ज्या सतरा वर्षांत घडली, त्यांच्या दोन्ही टोकांना तो उभा दिसतो.

इतर दावेदारांविषयी थोडक्यात. टोनी मुलेनचे २८४ विजय आहेत आणि तो दोन्ही हातांनी पिचिंग करू शकत असे. मात्र १८८४ मध्ये टोलिडो संघात आपला कृष्णवर्णीय कॅचर फ्लीट वॉकर याच्या, कोणता चेंडू टाकावा हे सुचवणाऱ्या खुणा आपण वर्णद्वेषापोटी मुद्दाम पाळत नव्हतो, हे त्याने स्वतःच पुढे सांगितले आहे. २०१३ च्या निवडीसाठी झालेल्या मतदानात त्याचे नाव होते, पण त्याला पुरेशी मते मिळाली नाहीत, आणि त्याचे मला दुःख नाही. जिम क्रेटन हे नाव मात्र हुरहूर लावणारे आहे. ब्रुकलिनच्या एक्सेल्सियर क्लबचा हा पिचर क्रिकेटही खेळत असे. मनगटाच्या झटक्याने वेग आणि फिरक देण्याची त्याची पद्धत त्या वेळच्या नियमांत बसते की नाही यावर वाद झाले, पण पिचर म्हणजे केवळ बॅटरला चेंडू पुरवणारा नव्हे तर त्याला बाद करू पाहणारा, ही कल्पनाच त्याच्यामुळे रुजली. ऑक्टोबर १८६२ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, एका सामन्यानंतर उद्भवलेल्या अंतर्गत इजेने त्याचा मृत्यू झाला. त्याच्यापुढे आकडे ठेवता येत नाहीत, म्हणून खेळाडूपेक्षा प्रवर्तक या सदरातच त्याचा विचार व्हायला हवा, आणि तो व्हावा असे मलाही वाटते.

प्रवर्तकांना स्थान देण्याची वाट संस्थेने स्वतः मोकळी केलेली आहे. बड फाउलर हा नावाजलेला पहिला कृष्णवर्णीय व्यावसायिक खेळाडू. तो कूपरस्टाउनमध्येच लहानाचा मोठा झाला, आणि एप्रिल १८७८ मध्ये एका प्रदर्शनीय सामन्यात टॉमी बाँड पिचिंग करत असलेल्या बोस्टन संघाला त्याने २-१ ने हरवले होते. २०२२ मध्ये त्याचा फलक लागला. गावातल्या डबलडे फील्ड या मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्याला आता त्याचे नाव आहे, आणि संग्रहालयातून बाहेर पडल्यावर तिथपर्यंत पायी जरूर जावे. या निवडीने दालनाची उंची वाढली आहे.

निवडीची पद्धत समजून घेणे आवश्यक आहे, कारण अडचण तिथेच आहे. अलीकडचे खेळाडू बेसबॉल लेखकांच्या मतदानातून येतात आणि त्यांना ७५ टक्के मते लागतात. जुन्यांसाठी १६ सदस्यांची समिती असते आणि १२ मते मिळवावी लागतात. २०२२ मध्ये केलेल्या फेररचनेनुसार १९८० पूर्वीचे सारे खेळाडू एकाच क्लासिक एरा समितीच्या कक्षेत आले. या समितीपुढे एका वेळी आठच नावे येतात, प्रत्येक सदस्याला तीनच मते देता येतात, आणि ती दर तीन वर्षांनी भरते. डिसेंबर २०२४ मध्ये तिने डिक ॲलन आणि डेव्ह पार्कर यांना निवडले. दोघेही निःसंशय योग्य होते, आणि दोघांनाही प्रत्यक्ष खेळताना पाहिलेले लोक आज हयात आहेत. १८७१ चा मॅथ्यूज अशा नावांशी त्याच आठ जागांसाठी स्पर्धा करणार असेल, तर त्याचे नाव यादीपर्यंत पोहोचणेही कठीण आहे. माझी या संस्थेवरची मुख्य टीका हीच आहे. सुरुवातीच्या काळासाठी पूर्वी वेगळी समिती होती, व्हाइट आणि फाउलर हे दोघेही तशा वेगळ्या विचारातूनच आत आले, आणि ती सोय बंद करणे ही घाई झाली. अमेरिकन बेसबॉल संशोधन संस्थेचे एकोणिसाव्या शतकाचे अभ्यासक दरवर्षी एका दुर्लक्षित खेळाडूचे नाव पुढे करतात. त्यांनी २०१० मध्ये व्हाइटचे आणि २०२० मध्ये फाउलरचे नाव सुचवले होते. असा अभ्यास हाताशी असताना, निदान दहा वर्षांतून एकदा तरी, केवळ १९०० पूर्वीच्या खेळाडूंसाठी स्वतंत्र बैठक घ्यायला काहीच हरकत नसावी.

संग्रहालय म्हणून गुण द्यायचे तर पाचपैकी साडेचार द्यावेत. वस्तूंची निगा, मांडणीतली स्पष्टता, कृष्णवर्णीय खेळाडूंच्या इतिहासावर २०२४ मध्ये उघडलेले नवे दालन, आणि स्वतःच्या दंतकथेविषयीचा मोकळेपणा या सर्व गोष्टी पैसे वसूल करणाऱ्या आहेत. अर्धा गुण एकोणिसाव्या शतकातील पिचरांच्या फलकांसाठी राखून ठेवला आहे. ज्यांना या विषयात खोल जायचे आहे त्यांनी जाण्यापूर्वी संग्रहालयाच्या ग्रंथालयाशी संपर्क साधून वेळ ठरवून घ्यावी. मेजर लीगमध्ये खेळलेल्या प्रत्येक खेळाडूच्या कात्रणांची फाइल तिथे ठेवलेली असते, आणि अभ्यासकांना ती मागवून वाचता येते. क्लासिक एरा समितीची पुढची बैठक डिसेंबर २०२७ मध्ये आहे. त्याआधी मॅथ्यूजचे नाव त्या आठांत यावे, यासाठी अभ्यासकांनी आणि खेळावर प्रेम करणाऱ्या सामान्य प्रेक्षकांनी संग्रहालयाला लिहिले पाहिजे, आणि मीही लिहिणार आहे.